उंदराच्या पोटातली गिटार

‘पोरीच्या हाताला वजन नसतं,’ असं तो म्हणाला तेव्हा हातातला चहा मी त्याच्या अंगावर फेकणार होते. फेकला नाही, कारण कप आत्याचा होता आणि बशीवर बसणारा तेवढा एकच उरला होता.

तो म्हणजे आमच्या बँडचा गाणारा. पेणचाच, पण कॉलेजला मुंबईत, त्यामुळे सगळी अक्कल त्याच्याकडे. बँड तिघांचा. तो गायचा, माझा आतेभाऊ वाजवायचा आणि गिटार माझी. आतेभावाकडे ड्रम नव्हते. रंगाची रिकामी पिंपं, एक ताशा आणि दोन पत्र्याची झाकणं यांवर त्याचं सगळं चालायचं. मी राहायची रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात. रविवारी सकाळच्या गाडीनं रोह्याहून निघायचं, निडी, नागोठणं करत पेणला उतरायचं आणि गिटार खांद्याला लावून आत्याचा गणपतीचा कारखाना गाठायचा. गाडीतल्या बायका विचारायच्या, ‘भजनाला निगालीस काय गो?’ मी व्हय म्हणायची. आम्ही वाजवतो ते मेटल, म्हणजे कान फाडणारं परदेशी संगीत, निडी स्टेशन यायच्या आत समजावणं शक्य नव्हतं.

विसर्जन झालं की कारखाना महिना-दीड महिना मोकळा असतो. मुंबईतल्या एका कॉलेजची स्पर्धा होती आणि आधी कॅसेट पाठवायची होती. आम्ही तिथंच गाणं भरलं. दोन कॅसेटवाला टेपरेकॉर्डर, एक माइक आणि माझ्या बाबांनी मला जोडून दिलेली डबी. बाबा कंपनीत इलेक्ट्रिकल खात्यात होते. गिटारची वायर त्या डबीतून गेली की आवाज फाटायचा. डबीला एकच बटण होतं. ते जितकं पुढं फिरवाल तितकी फाडाफाड. मी ते शेवटपर्यंत फिरवलेलं असायचं. त्याच्या पुढं फिरत नव्हतं म्हणून, नाहीतर तिथंही नेलं असतं.

गाणं होतं कंपनीच्या भोंग्यावर. पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की अष्टमीत आमच्या खिडकीची काच हलायची आणि छातीत काहीतरी दाबल्यासारखं व्हायचं. मला गिटारमधून तेच पाहिजे होतं. गाण्याच्या मध्यावर चार ठोके सगळं थांबायचं, अगदी शांत, आणि मग गिटार भोंग्यासारखी पडायची. निदान आमच्या डोक्यात तरी ती तशी पडायची. कॅसेटवर मात्र एक डास कानापाशी येऊन गेल्यासारखं ऐकू यायचं.

गाणाऱ्यानं ते ऐकलं आणि हाताच्या वजनाचा शोध लावला. पनवेलला त्याच्या ओळखीचा एक पोरगा होता, त्याच्याकडे गिटारचा आवाज जड करणारा परदेशातला पेडल होता. ‘या कॅसेटपुरतं त्याला वाजवू दे,’ तो म्हणाला. ‘तू बँडमध्ये आहेसच गं. फोटोत वगैरे.’

फोटोत! माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या घरी कुणालाही विचारा. ‘पुढच्या रविवारी ये,’ मी म्हटलं. ‘आवाज जड झाला नाही तर गिटार मी तुझ्या हातात देईन. पनवेलला ने, नायतर पाताळगंगेत बुडव.’ तो हसला. आतेभाऊ पिंपावर बोटं वाजवत राहिला. बोललेले शब्द काही परत घेता येत नाहीत. एक आठवडा माझ्या हातात होता.

मी कॉलेजला दांडी मारली आणि आत्याकडेच मुक्काम टाकला.

जड आवाजासाठी जड वस्तू पाहिजे, असं मी ठरवलं. आता हसू येतं, पण लहानपणापासून कारखान्यात येऊन-जाऊन असलेल्या माणसाला हेच सुचणार. कोपऱ्यात एक भला मोठा उंदीर पडून होता. कुठल्यातरी मंडळानं सांगितला, कान तडकला म्हणून नेला नाही. चांगला कमरेइतका उंच, प्लास्टरचा, आतून पोकळ आणि दोघांनी उचलावा इतका जड. आम्ही त्याला उताणा केला, खालच्या भोकातून स्पीकर पोटात घातला आणि तोंडासमोर माइक ठेवला. बटण शेवटपर्यंत फिरवलं. आतेभाऊ म्हणाला, ‘ताई, देव कोपेल.’ मी म्हटलं, ‘देव अजून आलाच कुठं? हा नुसता उंदीर हाय.’

आवाज मोठा झाला, यात शंका नाही. पण वजन नाही ते नाहीच. पहिल्यांदा कानाशी एक डास होता, आता पोत्यात भरलेले शंभर होते. मी दातओठ खात आणखी जोरात तारा ओढल्या. तिसऱ्या दिवशी त्याच भोंग्याच्या जागी कट्ट असा आवाज झाला आणि उंदीर कानापासून पोटापर्यंत उभा चिरला. मी खाली बसले आणि खरं सांगते, रडले. उंदरासाठी नाही. रविवारी गिटार कशी देऊ, तिची वायर गुंडाळून देऊ की तशीच, असले विचार डोक्यात यायला लागले होते म्हणून.

आत्या रंगाचे हात पुसत आली. मला वाटलं आता आरती होणार. तिनं वाकून चिरेत बोट घातलं आणि शिवी घातली, पण ती मला नव्हती.

‘कोणी ओतला हा? एकाच हातात ओतलान् मेल्यानं. बघ, काथ्याच नाय घातला. जाड केला की झाला मजबूत!’

‘मग जाड नाही तर काय करायचं?’ मी नाक ओढत विचारलं.

‘जाडीनं काय व्हतंय गो? पयला हात पातळ द्यायचा. मग काथ्या. मग वरून दुसरा हात, तो पण पातळच. दोन पातळ हात एकमेकाला धरतात. जाड एकटाच असतो, तो तडकतो.’ मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आणि तू त्या तारांना मारतेस कशाला? काय खाल्लंय त्यांनी तुजं?’

आत्यानं आयुष्यात गिटार हातात घेतली नव्हती. पण ती गेली तरी मी तिथंच बसून राहिले. दोन पातळ हात. मी उठले आणि डबीचं बटण निम्म्यावर आणलं. ऐकायला फारच केविलवाणं वाटलं, जणू कुणी माझे कपडे काढून घेतले. पण एक झालं. प्रत्येक ठोका वेगळा ऐकू यायला लागला. मी तारांवर तळहात टेकवून, हलक्या हातानं, घड्याळाच्या काट्यासारखं वाजवलं. आतेभाऊ पिंपावर साथीला होता. ते एका कॅसेटवर भरलं. मग ती कॅसेट कारखान्यातल्या लाउडस्पीकरवर लावली, तिच्याबरोबर तेच, अगदी तेच पुन्हा वाजवलं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या कॅसेटवर भरलं.

पहिले दहा-बारा वेळा जुळलं नाही. दोन गिटारी मागं-पुढं झाल्या की खळखळ ऐकू यायची. जोर कमी केला की हात घाई करतो, हे मला तेव्हा कळलं. कोपऱ्यात आत्या एका उरलेल्या मूर्तीचे डोळे आखत होती. श्वास रोखून, करंगळी गालावर टेकवून, एका रेषेत. मी तिच्या हाताकडे बघत वाजवत राहिले. शुक्रवारी दुपारी एकदाचं जुळलं. चार ठोके शांत, आणि मग ती पडली. टेबलावरच्या ब्रशांचा डबा थरथरला. आतेभाऊ ओरडला, ‘आयला ताई, भोंगा!’ आम्ही दोघं त्या फुटक्या उंदराभोवती वेड्यासारखे नाचलो.

रविवारी गाणारा आला. मी कॅसेट लावली. तो डोळे मिटून ऐकत होता. भोंग्याच्या जागी त्याचे डोळे उघडले.

‘कुणाचा पेडल आणलास?’

मी डबी दाखवली. बटण निम्म्यावर. त्यानं ते वाकून बघितलं, मग माझ्या हाताकडे बघितलं आणि चक्क कबूल केलं, ‘मानलं बाई.’ मला वाटलं, जिंकले. चहा ठेवायला उठणार इतक्यात त्यानं पिशवीतून स्पर्धेचा फॉर्म काढला.

‘फक्त एक आहे. मी हा आधीच भरून टाकला. गिटारच्या पुढं पनवेलवाल्याचं नाव आहे, कॉलेजचा शिक्का पण झाला. उद्या शेवटची तारीख. आता नाव काय बदलणार? वाजवणार तर तूच आहेस. आवाज तर तुझाच जाईल ना?’

मी आत्याकडे बघितलं, का कोण जाणे. ती खाली मान घालून काम करत होती. कारखान्याच्या दारावर काकांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या नावाची पाटी होती. काका जाऊन चार वर्षं झाली होती आणि डोळे तर ते असतानाही तीच आखायची. गिऱ्हाईक पाटी वाचून म्हणायचं, ‘शेटचा हात अजून तसाच हाय.’ आत्या मान हलवायची आणि गणपती बांधून द्यायची. मला ते दर वर्षी दिसायचं आणि मी दर वर्षी तिथं बसून लाडू खायची.

‘बरं,’ मी म्हटलं. आतेभावानं चमकून बघितलं, कारण मी कधी ‘बरं’ म्हणत नाही.

शेवटचा टेक व्हायचा होता. पहिल्या गिटारची कॅसेट लाउडस्पीकरवर, माझी दुसरी गिटार आणि त्याचं गाणं एकदमच, कोऱ्या कॅसेटवर. कोरी कॅसेट एकच उरली होती आणि त्याला चारच्या एसटीनं पनवेलला जाऊन पुढं मुंबईची गाडी धरायची होती. टेप सुरू झाली. तो काय गायला त्या दिवशी! खोटं कशाला बोलू, इतका छान तो नंतर कधीच गायला नाही. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. मग मधली जागा आली. चार ठोके सगळं थांबलं. मी माइककडे वाकले आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि पुढं ‘रोहा अष्टमी’. चौथ्या ठोक्याला सरळ झाले आणि भोंगा पडला.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. पण टेप फिरत होती, वेळ उरला नव्हता आणि पुढची ओळ आली होती. चिडून का होईना, त्याला गावं लागलं. चिडल्यावर तर आणखीच बरा गायला. माझं नाव काढायचं तर आता गाणंच मधून कापायला लागलं असतं, आणि तो स्वतःच्या गळ्यावर सुरी चालवणाऱ्यांपैकी नव्हता.

शेवटचा सूर हवेत विरत होता. नियम असा होता की तो पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही, खोकायचंही नाही. तेवढ्यात आत्या उठली. ब्रश कानावर खोवला, पदर खोचला, दोघांच्या मधून सरळ चालत माइकपाशी आली. तिला तो फोन वाटला की काय, कारण तिनं तो अगदी तोंडाला लावला. आधी तिनं स्वतःचं नाव सांगितलं. माहेरचं. मग थांबली, घसा खाकरला आणि म्हणाली, ‘गणपतीचे डोळे मी आखते.’

मी टेपचं बटण बंद केलं आणि कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही चिमुकले तुकडे नखानं मोडून टाकले, म्हणजे तिच्यावर पुन्हा कुणाला काही भरता येऊ नये.