नियमांचं पान

दुर्ग स्टेशनवर बंगळुरूची गाडी लागली तरी बाबा माझं नोकरीचं पत्र वाचतच होते. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून, सावकाश. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाची ती सवय. भट्टीजवळ कामाला उतरण्याआधी परवानगीचा, परमिटचा कागदही ते असाच वाचायचे. "पुरा वाचल्याबिगर सही नाई करायची," म्हणाले आणि पत्र माझ्या हातात दिलं. आई रडत होती. मी मात्र मनातून खूश होतो, हे लिहिताना आज लाज वाटते.

भिलाईत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, पोरगा तिकडे नेमकं करतो काय, हे तुमच्याही घरी विचारत असतील. मी फ्रंट-एंड डेव्हलपर आहे. आमच्या कंपनीचं बचतीचं ॲप आहे. आतला हिशोब दुसरे बघतात. स्क्रीनवर जे दिसतं, बटणं, अक्षरं, चौकटी, ते माझ्याकडे. मी या कामाला लागलो तोवर बाबा रिटायर होऊन, सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सोडून भिलाईतच नेहरू नगरला राहायला आले होते. पोरानं ॲप बनवलं, हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं.

त्या ॲपमध्ये नियमांचं एक लांबलचक पान होतं. तिथं मी एक सोय केली. ओळीला बोट लागलं की पान आपोआप पुढच्या मुद्द्यावर जायचं. ऑफिसात माझी पाठ थोपटली गेली. आमच्यापैकी कोणीच ते पान कधी वाचत नाही, 'मान्य आहे' दाबून मोकळे होतो.

बाबांनी त्या ॲपवर खातं उघडायला घेतलं आणि त्यांचा फोन आला. "बेटा, मी वाचून राहिलो, अन् पान पळून राहिलं."

मी मीटिंगमध्ये होतो. "बाबा, ते वाचता कायले? खाली बटण आहे, दाबा न," म्हणून मी फोन ठेवला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षी बाबा गेले. तेरवी झाल्यावर आई भांडी आवरता आवरता बोलली, "तुह्या बाबानं पेपर वाचनंबी सोडलं होतं. म्हनत, माहं डोकं काम नाई करून राहिलं, फोनवर वाचता वाचता ओळच हरवते. मी म्हटलं, फोनचं पोराले विचारा. तं म्हने, त्याच्या कामात चूक कशी असन? मीच बुढा झालो."

ओळीखाली बोट ठेवून वाचायची त्यांची सवय मला तेव्हा आठवली. बंगळुरूला परतलो आणि ती सोय काढून टाकली. अर्ध्या तासाचं काम होतं. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आईला खरं सांगायचं ठरवून त्यानंतर दोनदा घरी गेलो. ती शेजारणीला फोन दाखवत होती, "हे आमच्या पोरानं बनवलं." दोन्ही वेळा न सांगताच परतलो. बंगळुरूत मी भाड्याच्या खोलीत राहतो, तिथं मला कोणी फारसं ओळखत नाही, आणि तेच बरं वाटतं. घरी मात्र माझ्यावर अजून पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच चार दिवसांपेक्षा जास्त मला तिथं राहवत नाही.