पाळणाघराची तपासणी

त्या दिवशी साकीनाक्याच्या आमच्या पाळणाघरात मी होते, कारखान्यातून रजा काढून आलेली माझी सून होती, पोरं सांभाळणारी ताई होती, शेजारची मालवणची म्हातारी होती आणि तपासायला आलेल्या मॅडम. पोरंपण होती, पण ताईनं त्यांना पावडर लावून मुद्दाम झोपवलेलं.

पाळणाघर एका संस्थेच्या पैशावर चालायचं. पुढे चालवायचं की नाही, ते मॅडम बघून सांगणार, असं आम्ही धरून चाललेलो. बंद झालं तर सुनेची कारखान्यातली नोकरी गेली. माझे गुडघे धरलेले, पळत्या नातवाला मी पकडणार कशी? माझ्या वेळेला असलं काही नव्हतं. नवरा गेल्यावर लोकांकडे भांडी घासायला जायची, तेव्हा पोराला लुगड्यानं खाटेच्या पायाला बांधून जायची. रडून रडून झोपायचा. वाढला तसाच.

तर मॅडमनी विचारलं, कसं काय चाललंय. आता ज्याचं खाल्लं त्याला परक्यासमोर नावं ठेवायची नाहीत, ही आमची रीत. ताई म्हणाली झकास. सून म्हणाली काहीच त्रास नाही. म्हातारी तर अशी कौतुक करत सुटली, जसा काय मुलगी दाखवायचा कार्यक्रम. पोरं हुशार झाली, आया सुखी झाल्या, सगळं मार्गी लागलं. मीपण मान हलवली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "आजी, सगळं मार्गी लागलं असेल तर इथलं काम संपलं, असं लिहू का?"

सून माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "संपलं कसलं, मॅडम? हे पाचला बंद होतं, हिचा कारखाना साडेसहाला सुटतो. तोवर नातू मला गल्लीभर पळवतो."

मग सगळ्यांचीच तोंडं सुटली. ताई म्हणाली पंखा बंद आहे, एकटीला एवढी पोरं आवरत नाहीत. मघाशी आरती ओवाळणारी म्हातारी आता म्हणे खिचडीत मीठच नसतं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, मी पास-नापास करायला आले नाही, कुठे अडतंय ते बघायला आलेय. मी म्हटलं, मग आधी सांगायचं ना, पावडरचा डबा तरी वाचला असता.

पाळणाघर राहिलं. आता सातपर्यंत चालतं, संध्याकाळी आणखी एक बाई येते. सून नोकरीवर आहे. पंखा अजून बंदच आहे.

तुमच्याकडे असं कोण विचारायला आलं, तर काय कमी पडतंय ते आधी सांगा.