आम्ही गाण्याला बरोबर जायचो

त्या रविवारी सकाळी शैलाताई फाटकापाशी नव्हत्या. शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत त्यांच्या इमारतीसमोर माझी रिक्षा थांबायची, तेव्हा त्या आधीच उभ्या असायच्या. खांद्यावर शाल, हातात पाण्याची बाटली, आणि मी वेळेवर आले असले तरी चेहऱ्यावर ‘उशीर केलास’ असा भाव. फोन करून बोलावण्याची सोय नव्हती, कारण त्यांना फोनवरचं ऐकू येत नव्हतं. म्हणून आमचं ठरलेलं होतं की महिन्याच्या पहिल्या रविवारी मी यायचं आणि त्यांनी खाली थांबायचं. रिक्षावाल्याला थांबायला सांगून मी जिना चढले. एवढ्या वर्षांत मी त्या जिन्यावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दाराला कुलूप होतं. समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या, कणीक मळताना उठून आल्या असाव्यात.

“शैलाताई बाहेर गेल्यात का?” मी विचारलं.

“तुम्हाला कुणी कळवलं नाही का? बुधवारी गेल्या त्या. झोपेतच. भाचा आला होता ठाण्याहून, सगळं त्याच दिवशी झालं.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुम्ही त्यांच्या कोण?”

मी दहाव्याचा दिवस आणि वेळ तेवढी विचारून घेतली. मी खाली आले. रिक्षावाला म्हणाला, “गंगापूर रोड ना मॅडम?” मी हो म्हटलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. आमचं गाणं असायचं त्या मंगल कार्यालयाच्या दाराशी उतरले, आत तबला लावण्याचा आवाज येत होता. तो ऐकत पायरीशी थोडी थांबले आणि चालत घरी परत आले...

शैलाताई मला पहिल्यांदा भेटल्या त्या याच कार्यालयात. ब्याण्णव-त्र्याण्णवचा काळ असेल. आई गेल्यावर मनमाडचं घर बंद करून मी बदलीनं नाशिकला आले होते. पाटबंधारे खात्यातली नोकरी, इंदिरानगरात भाड्याची खोली, आणि ओळखीचं एकही माणूस नाही. आठवडा ऑफिसात निघून जायचा; रविवार मात्र जाता जायचा नाही. अशाच एका रविवारी गंगापूर रोडवर एका मंगल कार्यालयाबाहेर फळा दिसला, ‘गायन, प्रवेश सर्वांस खुला’. गाण्यातलं मला काही कळत नव्हतं. पण आत पंखे होते, माणसं होती, आणि कुणी मला ‘कशाला आलात’ असं विचारणार नव्हतं. भिंतीकडच्या एका खुर्चीवर मी बसले, तर मागून आवाज आला, “तिथं नका बसू. वरचा पंखा कुरकुरतो. तंबोरा ऐकायलाच मिळणार नाही. इकडे या.” त्यांनी शेजारची खुर्ची हातानं ओढून दिली. मध्यंतरात चहाचा पेला माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, “नवीन दिसता. एकट्याच?” मी मान हलवली. “बरं झालं. दोघं-तिघं मिळून येतात ते बोलत बसतात.”

त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून, ‘मालेगाव, बोला मालेगाव’ करण्यात गेली होती. यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. हे त्यांनी एकदाच, रस्ता ओलांडता ओलांडता सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मीही माझं फारसं सांगितलं नाही. आम्ही बोलायचो ते गाण्याबद्दल, आणि गाणं कुठं ऐकावं याबद्दल. या दुसऱ्या गोष्टीत त्यांची मतं पक्की होती. शालिमारकडचं मोठं नाट्यगृह त्यांना आवडायचं नाही, कारण तिथं लाऊडस्पीकर गातो, माणूस गात नाही, असं त्यांचं म्हणणं. कॉलेज रोडला एका डॉक्टरांच्या बंगल्यात वरच्या हॉलमध्ये बैठक व्हायची, तिथं सतरंजीवर अगदी पुढं बसायचं, म्हणजे गवयाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पंचवटीत एका छोट्या देवळात गुरुवारी कीर्तन असायचं. बुवा बेताचे होते, पण पेटीवाला ऐकण्यासारखा, म्हणून आम्ही पूर्वरंग संपत आल्यावर जायचो आणि खांबाआड बसायचो. दिवाळीच्या पाडव्याला पहाटेची मैफल असायची, तेव्हा त्या घरून जाजम घेऊन निघायच्या आणि मला जागा धरून ठेवायच्या. लग्नसराई सुरू होण्याआधी भद्रकालीत बँडवाल्यांची तालीम चालायची. तिथं त्यांची लुना स्टँडवर लावून आम्ही रस्त्यातच उभ्या राहायचो. क्लॅरिनेटवाला एखादी ओळ पुन्हा पुन्हा घोटत असायचा. लोक आमच्याकडे बघत जायचे. शैलाताईंना त्याचं काही वाटत नसे. “वरातीत हाच माणूस बेसूर वाजवतो बघ,” त्या म्हणायच्या, “कारण तिथं कुणी ऐकत नाही.”

मी मागे बसायची, त्या लुना चालवायच्या. मला वाटतं, नाशिक माझं झालं ते या मागच्या सीटवरून. ऑफिसात कुणी विचारलं, रविवारी काय केलंत, तर मी ‘गाण्याला गेले होते’ म्हणायची, आणि आपल्याला सांगण्यासारखं काहीतरी आहे याचं मलाच बरं वाटायचं.

पुढं हायवेला, मुंबई नाक्याच्या बाजूला, मोठी हॉटेलं झाली. त्यातल्या एकात शनिवारी संध्याकाळी गझला असतात असं त्यांना कुठूनतरी कळलं. दोघी बायका, तशा हॉटेलात, मी नकोच म्हणत होते. पण त्या इस्त्रीची साडी नेसून तयार. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो, टोमॅटो सूप मागवलं. एक सडपातळ तरुण पेटी घेऊन गात होता आणि सगळं हॉटेल जेवत होतं. काट्याचमच्यांचा आवाज, कुठं वाढदिवसाचा केक... शैलाताई मात्र खुर्ची त्याच्याकडे वळवून बसल्या होत्या. एक जागा त्यानं फार सुंदर घेतली तेव्हा त्यांनी सरळ ‘वाह’ म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो गाता गाता थांबल्यासारखा झाला. मग उरलेली संध्याकाळ तो आमच्याच टेबलाकडे बघून गायला. निघताना त्या त्याच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी येतो आम्ही.” आणि आम्ही गेलो. तो ते हॉटेल सोडून जाईपर्यंत जात राहिलो. सूप कधीच चांगलं नसायचं.

पण माझ्या मनात घर करून राहिलीय ती जागा गोदाकाठची. घाटावर कार्यक्रम असला की सगळे स्टेजसमोर गर्दी करायचे, आणि शैलाताई मला पूल ओलांडून पलीकडे, पंचवटीच्या बाजूच्या पायऱ्यांवर न्यायच्या. भाजीवाल्या पाट्या आवरत असायच्या, कोथिंबिरीच्या काड्या, पाण्यात दिवे. “आता ऐक,” त्या म्हणायच्या. पाण्यावरून येणारा सूर जरा उशिरा यायचा आणि मऊ होऊन यायचा. शब्द कळायचे नाहीत. तिथं आम्ही बोलत नसू.

त्या निवृत्त होऊन काही वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. असाच हिवाळ्यातला कार्यक्रम, आम्ही पलीकडच्या पायऱ्यांवर. गाणाऱ्या बाईंनी पूरिया सुरू केला होता, एव्हाना विलंबित चांगलाच भरत आला होता. शैलाताईंनी शाल सारखी केली, पलीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, “आज उशीरच करतायत गं. अजून सुरू नाही झालं.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेष्टा करत नव्हत्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं, कारण त्या हळूच म्हणाल्या, “सुरू झालंय का?” मी मान डोलावली. त्यांनी पाण्याकडे बघत विचारलं, “केव्हाचं?”

“बराच वेळ झाला, ताई.”

“असं का...” एवढंच म्हणाल्या आणि संपेपर्यंत बसून राहिल्या. मीही बसले. मला गाणं ऐकू येत होतं आणि ते ऐकणं मला नकोसं झालं होतं.

मग कानाचं यंत्र आणलं, दोनदा बदललं. त्यातून खोकले, चपला, पिशव्यांचा चुरचुर आवाज एकदम यायचा. “गाणं सोडून सगळं ऐकू येतं,” म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. लुना विकून टाकली, कारण मागून येणाऱ्या गाड्या कळत नव्हत्या. मला वाटलं, आता हे सगळं थांबणार. पण पहिल्या रविवारी त्या फाटकाशी उभ्या. न राहवून मी त्यांच्या समोर उभी राहून, ओठ दिसतील असं विचारलं, “ताई, ऐकू येत नाही तर कशाला दमता?” त्या म्हणाल्या, “घरी बसून ऐकू येत नाही, त्यापेक्षा चार माणसांत बसून ऐकू न आलेलं बरं.” आणि रिक्षात जाऊन बसल्या.

त्यानंतर आमचा एक परिपाठ पडला. कार्यक्रम झाला की जवळच्या हॉटेलात समोरासमोर बसायचं, चहा मागवायचा आणि मग त्या म्हणायच्या, “हं, जोड लाइन.” मी सांगायची. आधी तर मला दोन वाक्यांपलीकडे सांगता यायचं नाही, छान झालं, रंगलं वगैरे. ते त्यांना चालत नसे. “छान म्हणजे काय? वर गेला तेव्हा आवाज लावला की ढकलला? तबलजीनं मध्ये तोंड घातलं का?” मग मी हळूहळू नीट ऐकायला लागले. सांगायचं आहे म्हणून ऐकायला लागले. कुठं थांबला, कुठं चुकला, कुठं त्याला स्वतःलाच हसू आलं. त्या माझ्या ओठांकडे बघत असायच्या, चहा निवायचा. कधी डोळे मिटायच्या, आणि मग घाईनं उघडायच्या, कारण डोळे मिटले की माझं बोलणंही बंद व्हायचं...

दहाव्याला मी गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, गेले. समोरच्या घरातल्या बाईंकडून दिवस आणि वेळ विचारून घेतली होती. चार-सहा नातेवाईक होते, मी थोडी बाजूला उभी राहिले. पिंडाला कावळा लवकर शिवला. भाचा, श्रीकांत नाव त्याचं, हात पुसत माझ्याजवळ आला. “आपण?”

“आम्ही गाण्याला बरोबर जायचो,” मी म्हटलं.

त्याला समजेना. “आत्या गाण्याला जायची? पण तिला तर अजिबात...”

“जायच्या. शेवटपर्यंत.”

त्याच्या परतीच्या गाडीला अजून अवकाश होता. पाहुणे जेवायला बसले तेव्हा तो मला म्हणाला, “कुठं बसायची ती, दाखवाल का?” मग मी त्याला घेऊन गेले. डॉक्टरांच्या बंगल्याच्या जागी आता बिल्डिंग आहे, पार्किंगमध्ये उभं राहून मी वर बोट दाखवलं. हायवेच्या हॉटेलचं नाव बदललंय, आत मोठा टीव्ही लावलाय. पंचवटीतलं देऊळ तेवढं तसंच होतं, कीर्तन मात्र बंद झालेलं. शेवटी गंगापूर रोडच्या कार्यालयात आलो. साखरपुड्याची सजावट चालली होती. श्रीकांत मी दाखवलेल्या जागी जाऊन बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि समोर फुलं लावणाऱ्या माणसांकडे बघत राहिला. उठताना म्हणाला, “तिनं कधी सांगितलंच नाही. आम्ही विचारलंही नाही म्हणा.” माझा नंबर त्यानं लिहून घेतला.

गेल्या रविवारी मी पुन्हा जाऊन आले, एकटीच. फार दिवसांनी असं गाणं ऐकलं. संध्याकाळी फोन वाजला. श्रीकांत होता. “मावशी, आज पहिला रविवार ना? गेला होतात? कसं झालं?” तो मनापासून विचारत होता. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. तरुण गायक, कोल्हापूरकडचा, आधी जरा घाबरलेला, तोडीत कोमल गंधारावर येऊन कसा स्थिरावला, तबलजीनं कसं सांभाळून घेतलं... तो ‘हो का’, ‘अरे वा’ म्हणत होता. मग मागून कुणी मुलानं त्याला हाक मारली, कुकरची शिट्टी झाली. “बरं मावशी, ठेवू? पुढच्या महिन्यात करतो,” तो म्हणाला. मी म्हटलं, “हो, ठेव ना.”

मध्यंतरानंतरचं सगळं सांगायचं राहिलं होतं.