वायंडिंगवाल्याची सरळ तार

गाडी दोन हात चालली अन् उभी राह्यली.

मेश्राम भाऊ गळ्यात हार घालून कंट्रोलची नॉब धरून बसलेले. मागं हॉलभर पाहुणे, टाळ्यांसाठी हात वर. मी टेबलाखाली घुसून प्लग चेक करून राह्यलो होतो. प्लग एकदम फिट होता. फिट नव्हतो तो मी.

मी इरफान. वडस्यात आमचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपात, पंख्यात नवी तांब्याची तार भरायची, हे काम. साईडले मी रेल्वेचे चालते मॉडेल बनवतो. बनवतो म्हणजे, ही पहिलीच ऑर्डर. अब्बानं आधीच सांगून ठेवलं होतं: जमलं तर दुकानातला मागचा टेबल तुझ्या मॉडेलले, फसलं तर चूपचाप वायंडिंग.

मेश्राम भाऊ मेमू चालवायचे. मेमू म्हणजे बिजलीवरची पॅसेंजर. दोन्ही टोकाले केबिन, इंजिन फिरवायची झंझट नाई. त्यांची पोरगी प्रणालीताई म्हणाली होती, रिटायरमेंटच्या दिवशी बाबाले सगळ्यांसमोर एक आखरी फेरी मारू दे. अन् खऱ्यासारखी, वरच्या तारेवर चालली पाहिजे.

मी तं पागलच झालो. महिनाभर स्टेशनवर जाऊन मेमूचे फोटो काढले. दरवाजे, खिडक्या, पायऱ्या, डब्याखालच्या पेट्या, सगळं. आठ फुटाच्या फळीवर अख्खं वडसा उभं केलं. गाडीच्या डोक्यावर पॅन्टोग्राफ बसवला. तारेतून करंट घेणारा तो हात. त्याच्यावर कार्बनची पट्टी लागते, ती मी मिक्सरच्या मोटरमधला जुना कार्बन ब्रश घासून बनवली. अन् वरची तार अशी तानली की गवंड्याची दोरी लाजेल. आमच्या धंद्यात तार वाकडी म्हणजे इज्जत गेली.

मग तीन दिवस टेस्टिंग. खरं सांगतो, टेस्टिंग नव्हती, शो होता. पंप घेऊन जो शेतकरी येईल त्याले दहा फेऱ्या दाखवायच्या. चहावाल्याले वीस.

तं आता हॉलमधी मी टेबलाखालून निघालो, तं मेश्राम भाऊ चष्मा वर करून गाडीच्या डोक्याकडं पाहत होते. कार्बनच्या पट्टीचे मधातून दोन तुकडे.

"इरफान, तार सरळ काऊन लावली बे?"

मले वाटलं तारीफ आहे. "भाऊ, सुतात लावली. दोन दिवस गेले."

"तेच तं इचारून राह्यलो. इतकी सरळ काऊन?"

मग त्यांनी समजावलं. खऱ्या लाईनवर तार रुळाच्या बरोब्बर मधात नसतेच. एका खांबावर थोडी डावीकडं, पुढच्यावर उजवीकडं. गाडी पळते तशी तार पट्टीवर इकडून तिकडं सरकते, पट्टी सगळीकडं सारखी घासते. माझी तार एकाच जागी करवतीसारखी चालली होती. तीन दिवस. माझ्याच हातानं.

मी प्रणालीताईकडं पाह्यलंच नाई. मागच्या रांगेतून अब्बा उठून बाहेर गेले. मले वाटलं, शरमेनं.

भाऊनं हार काढून पोरीच्या हाती दिला, बाह्या वर केल्या. "पक्कड आण."

एकेका खांबाचा हूक ते वाकवत गेले. एक इकडं, एक तिकडं. पाहुणे जेवाले बसले, तरी भाऊ उठले नाई. तेवढ्यात अब्बा आले. स्कूटरवर दुकानात जाऊन नवा कार्बन ब्रश घेऊन आले होते. माझ्या हातात ठेवला. मी तिथंच घासून पट्टी बनवली.

भाऊ परत खुर्चीत बसले. नॉबवर हात ठेवला अन् सवयीनं बोलून गेले, "स्टार्टर हिरवा."

स्टार्टर म्हणजे स्टेशनातून सुटायचा सिग्नल. ड्युटीवर सिग्नल असा मोठ्यानं बोलायचा असतो, अन् जोडीदारानं तोच परत म्हणायचा असतो. प्रणालीताई बाजूले येऊन उभी झाली. "स्टार्टर हिरवा."

गाडी गेली. आली. आखरी फेरी एकच ठरली होती, भाऊनं अकरा मारल्या.

मागचा टेबल मले भेटला. अर्धा. अर्ध्यावर अब्बा पंप ठेवतात. म्हणतात, पुढची गाडी पाहुण्यांसमोर पहिल्याच झटक्यात दोन हातांच्या पुढं गेली की बाकीचा देतो.

घरी जाऊन मी माझे महिनाभराचे फोटो परत पाह्यले. वरची तार एकाही फोटोत नाई. गाडीच्या मधात येते म्हणून मीच फोटोतून कापून टाकत होतो.