सिम्युलेटरमधली झोप

हृदयाच्या दुखण्यामुळे विमान उडवणं सुटलं, तेव्हापासून मास्तर सिम्युलेटरवर वैमानिकांना शिकवत. बिनखिडक्यांच्या दालनात लोखंडी पायांवर उभी असलेली ती कॉकपिटची खोली. जागच्या जागी डुलायची, काचेपलीकडे खोटं आकाश दिसायचं. मास्तर मागे बसून चालतं इंजिन बंद पाडत. "दिवसभर विमानं पाडतो आणि बसने घरी येतो," असं ते बायकोला सांगायचे. ती गेली, आणि त्यावर हसणारं कोणी उरलं नाही.

एकदा कंपनीचं विमान उतरताना धावपट्टी सोडून चिखलात रुतलं. माणसं वाचली. बैठकीत ठरलं, प्रशिक्षण वाढवायचं.

मास्तर म्हणाले, "शिकवण्यावर माझं पोट आहे, त्याला नावं कशी ठेवू? पण वैमानिकाला येत होतं सगळं. तो पेंगला होता. ड्युट्या कमी करा."

"ते जमणार नाही," साहेब म्हणाले. "प्रशिक्षण जमेल."

रोग रेड्याला, औषध पखालीला. जादा तास वैमानिकांच्या सुटीच्या दिवशी ठेवले गेले.

अशाच एका सुटीत मास्तरांची जुनी विद्यार्थिनी आली. आता कॅप्टन होती. तिचा सहवैमानिक आलाच नाही, म्हणून एकटीच बसली. मास्तरांनी धुकं पसरलं, डावं इंजिन बंद पाडलं. भोंगा वाजू लागला. ती हललीच नाही. मान छातीवर पडली होती.

मास्तरांनी भोंगा बंद केला. आपला कोट तिच्या अंगावर टाकून ते शेजारच्या खुर्चीत बसले. दुसऱ्या कुणाचा झोपेतला श्वास त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

जाग आल्यावर ती ओशाळली. "उठवलं का नाही, सर?"

"उठवून काय शिकवणार होतो?"

"कुणाला सांगू नका."

मास्तरांनी साहेबांना सांगितलं. वाटलं, आता तरी साहेबांचे डोळे उघडतील. साहेबांनी तिला आणखी तास लावले. मास्तरांनी ते घ्यायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. ती मास्तरांशी बोलेनाशी झाली. मास्तर घरी बसले. दुपारी रेडिओ लावून ठेवत, ऐकत नसत.

बऱ्याच महिन्यांनी तिचा फोन आला.

"सर, आज मी उड्डाण नाकारलं. डोळे मिटत होते."

"मग?"

"साहेब चिडले. दुसऱ्याला पाठवलं."

"त्याची तरी झोप झाली होती का?"

"माहीत नाही."

फोन मात्र बराच वेळ कोणीच ठेवला नाही.