आडवे तात्या आणि सायकलचा पट्टा

आमच्या घरात माणसं पाच आणि सायकल एक. वडील गुऱ्हाळावर चुलवाणापाशी राबायचे, आई लोकांच्या रानात भांगलायला जायची. कॉलेजची पायरी आमच्यातलं कुणी चढलेलं नव्हतं. मला अकरावीला शहरात प्रवेश मिळाला तेव्हा आईनं आनंद वगैरे बाजूला ठेवून एकच विचारलं, "जाणार कशी?" प्रश्न बरोबर होता. सकाळची बस हातकणंगल्याकडनंच भरून यायची आणि आमच्या फाट्यावर ड्रायव्हर नुसता हात हलवून पुढं निघून जायचा. राहिली सायकल. ती मला येत होती, पण गल्लीतली. मोठ्या रस्त्यावर ट्रक बघितला की मी सायकलवरून उतरून उभीच राहायची.

वडिलांनी मला दोन घरं पलीकडच्या तात्यांकडं नेलं आणि म्हणाले, "तात्या, पोरीला रस्त्याला लावा."

तात्या म्हणजे आडवे तात्या. शहरात, उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर टर्नर होते आणि तीस वर्षं रोज सायकलनं कामावर जात होते. सायकलच्या कॅरिअरला ते एक ऊस आडवा बांधायचे. डावीकडं वीतभर, उजवीकडं चांगला दोन हात बाहेर, आणि टोकाला लाल चिंधी. त्यावरनंच त्यांना सगळे आडवे म्हणायचे. "ऊस कशाला तात्या?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. "मोटारवाल्याला माणूस दिसत न्हाई पोरी," तात्या म्हणाले, "पण रंगाला ओरखडा पडंल हे लांबनं दिसतंय." आणि खरंच, बाकीच्या सायकलवाल्यांना घासून जाणाऱ्या गाड्या तात्यांपाशी आल्या की नव्या सुनेसारख्या अंग चोरून जायच्या. एकदा ट्रॅफिकच्या हवालदारानं अडवून विचारलं, "हे काय लावलंय?" तात्या म्हणाले, "वैरण." हवालदारानं बराच वेळ विचार केला. वैरण न्यायला बंदी असल्याचं काही त्याला आठवेना, त्यानं सोडून दिलं. सिग्नलला एकदा ऊसगाडीचा बैल तो ऊस मागनं चावायला लागला. दिवा हिरवा झाला, मागं हॉर्नचा गोंधळ. तात्या जागचे हलले नाहीत. "खाऊ दे की. त्यानंच वढलाय."

रस्त्याच्या कडेनं जायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. "कड पाण्याची आसती. तू पाणी हायस काय?" मी घाबरून गटाराजवळ सरकले की मागनं ओरडायचे, "सुरेखा, हातभर आत!" दुसरा धडा, वळायच्या आधी मागं वळून ड्रायव्हरच्या डोळ्यात बघायचं. "हात दावला की त्येला वाटतंय वारा घेतीया. डोळ्यात बघितलं की त्येला आय आठवती." तिसरा धडा त्यांनी शिकवला नाही, मी तो ऐकून शिकले. एक ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच मागं लागला होता. तात्यांनी शांतपणे विचारलं, "पावणं, लई घाई हाय?"

"हाय की!"

"मग काल निघायचं."

पंधरा दिवस तात्या माझ्या पुढं चालले, पंधरा दिवस मागं. एकतिसाव्या दिवशी मी एकटी गेले. बारावी, मग इंजिनिअरिंग, सगळं त्याच रस्त्यानं आणि त्याच सायकलनं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, आणि हे मी चारचौघांत सांगते, लाजत नाही. निकाल घेऊन गेले तेव्हा तात्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "चेन घट्ट केलीस का? सैल वाजत हुती काल."

पुढं रस्त्यांची आखणी करणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली, आणि काही वर्षांनी माझ्या टेबलावर आमचाच रस्ता आला. रुंद करायचा होता. मी त्याच्या डाव्या अंगाला सायकलसाठी वेगळा पट्टा आखला आणि नकाशा मोठ्या हौसेनं तात्यांना दाखवायला नेला. तात्या तोवर निवृत्त झाले होते, पण सायकल सुटली नव्हती. नकाशा बघून त्यांचा चेहरा पडला.

"रस्ता तुला शिकवला मी. आन् तू मलाच रस्त्यावनं काढतीस व्हय?"

"काढत नाही तात्या. जागा देतीय."

"जागा आमची हायच की! आज पट्टा देशील. उद्या मी रस्त्यावर दिसलो की कुणीबी काच खाली करून म्हणंल, ए म्हाताऱ्या, जा तुझ्या पट्ट्यात."

त्यांचं अगदी चूक नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "मला तुम्ही महिनाभर शिकवलंत. गावातल्या प्रत्येक पोरीला एकेक तात्या कुठनं आणू?" तात्यांनी सायकल काढली आणि उगाचच एक चक्कर मारून आले.

माझ्या ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या घरातच अडलं होतं. नात पूजा सातवीत होती. आठवीपासून शाळा शहरात. तात्यांना तिला रस्त्याला लावायचं होतं, पण सूनबाईंनी ठरवलं होतं की पोरगी कुरुंदवाडला आपल्या भावाकडं ठेवायची. "मामा, ह्या रस्त्यावर माझी पोरगी न्हाई घालणार मी," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. तात्या एरवी ट्रकला हटत नसत, पण सुनेपुढं हटले. त्यात साखर कारखान्यांचा हंगाम संपत आला, ऊस न्यायची घाई वाढली आणि एका ट्रॉलीतल्या उसाच्या मोळीत तात्यांचा आडवा ऊस अडकला. ट्रॉलीबरोबर सायकल गर्रकन फिरली आणि तात्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात भेटायला गेले तर म्हणाले, "भावकीनं भावकीला वढलं, आपण मधी सापडलो." पण सूनबाईंच्या हातात आयतं कारण मिळालं. पूजाचा दाखला काढायचा दिवसही ठरला.

पट्टा तयार झाला तो त्याच महिन्यात. गुळगुळीत, रस्त्यापासून बुटक्या कठड्यानं वेगळा केलेला, आणि कठड्यावर ओळीनं गुडघाभर उंचीचे लोखंडी खांब. खांबांच्या डोक्याखाली मी गोल खाच ठेवली होती, अंधारात चमकणारी पट्टी बसवायला. पहिल्याच संध्याकाळी कौतुकानं बघायला गेले, तर प्रत्येक खांबाला एक म्हैस. आमच्याकडं म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळायची आणि गिऱ्हाइकानं फेसासकट ग्लास तिथंच तोंडाला लावायचा, ही जुनी पद्धत. गवळ्यांना दूध विकायला इतका नामी कट्टा कधी मिळाला नव्हता. दोन खांबांतलं अंतर मी सायकलींचा विचार करून ठरवलं होतं. ते एका म्हशीला आणि तिच्या शेजारी धार काढायला बसणाऱ्या माणसाला तंतोतंत पुरत होतं.

गिऱ्हाइकांच्या रांगेत हात गळ्यात बांधलेले तात्या ग्लास घेऊन उभे. "ये, सायबीणबाई! काम झ्याक झालंय. म्हशींस्नी पसंत हाय."

मला रडू कोसळलं. कंपनीतल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, आठवड्यात सायकली दिसल्या नाहीत तर खांब उपटून मोटारींना उभं राहायला जागा करायची. ते मी तात्यांना सांगितलं. आणि हेही सांगितलं की मग पूजा कुरुंदवाडला गेली म्हणून समजा.

तात्यांनी उरलेलं दूध एका घोटात संपवलं. मिशीवरचा फेस पुसत ते खांबापाशी वाकले. खाचेवरनं बोट फिरवलं, टर्नर लेथवर घडवलेल्या जॉबवरनं फिरवतो तसं.

"ह्येला गळा कुणी ठेवला?"

"मी."

"गळा ठेवलास तर दावं बसणारच की. इंजिनेर झालीस, गोठ्यात कधी गेली न्हाईस?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडून परवानगी काढली, आणि उद्यमनगरातल्या जुन्या कारखान्यात तात्यांनी खांबांवर बसवायच्या निमुळत्या लोखंडी टोप्या बनवून घेतल्या. लेथवर त्यांचा जुना सोबती उभा होता. तात्या एका हातानं माप दाखवत होते आणि तोंडानं शिव्या देत होते. टोप्या बसल्या आणि दावं टाकलं की सर्रकन वर निसटायला लागलं. गवळी चिडले. "तात्या, आमी कुठं जायाचं?" तात्यांनी त्याचीही सोय करून ठेवली होती. फाट्याजवळच्या मोकळ्या जागेत, चिंचेखाली, गवळ्यांसाठी त्यांनी चांगले गळ्याचे खुंट रोवून घेतले होते. म्हशी तिकडं गेल्या, गिऱ्हाइकंही गेली. पट्ट्यावर सायकली दिसायला लागल्या आणि साहेबांची खांब उपटायची भाषा बंद झाली.

मी विचारलं, "म्हणजे पट्टा पटला तर तुम्हाला?"

"पट्टा मला पटलेला न्हाई," तात्या म्हणाले. "पण केलेलं काम वाया गेलेलं त्याहून पटत न्हाई."

जूनमध्ये, शहरातल्या शाळेच्या पहिल्या सकाळी, सूनबाई स्वतः फाट्यापर्यंत आल्या. पट्टा बघितला, कठड्याला पायानं धक्का देऊन बघितला, आणि पूजाचं दप्तर कॅरिअरला लावलं. "मी जातो की गं आई," पूजा म्हणाली आणि निघाली. खांदा तोवर सांधला होता, तात्याही निघाले, पण पट्ट्यावरून नाही. मधे कठडा, आत नात आणि बाहेर रस्त्यावर, मोटारींच्या पुढं, आजोबा. पूजाला शिकवणं आणि मागच्या गाड्यांना समजावणं त्यांनी एका दमात चालवलं होतं. कुणीतरी काच खाली करून ओरडलंच, "आजोबा, तुमचा पट्टा आत हाय!" तात्यांनी वळून त्याच्या डोळ्यात बघितलं. "तो पोरींचा हाय. माझा ह्यो."

शेवटपर्यंत ते त्या पट्ट्यावरनं एकदाही गेले नाहीत. मी दर दिवाळीला भांडले. ते दर दिवाळीला हसले.

तात्या गेल्या वर्षी वारले. घरीच, दुपारच्या झोपेत. पूजा यंदा बारावीला आहे आणि कुरुंदवाडला ती फक्त सुट्टीत पाहुणी म्हणून जाते. आमच्या गावच्या मुली आता रोज सकाळी आपल्या आपण सायकलनं शहरात शिकायला जातात.