वरातीच्या घोडीवरचे पट्टे

रस्त्यावर डांबर ओतल्याचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. साठच्या दशकात रहिमतपूरला तंबूत जंगली जनावरांचा सिनेमा आला होता, बायकापोरांसह बघावा असा. घरच्या सगळ्यांना फुकट आत सोडायचं, असं घासाघीस करून ठरवलं आणि जाहिरातीला माझी वरातीची पांढरी घोडी तंबूवाल्याला दिली. त्यानं काळे पट्टे ओढून तिचा झेब्रा केला. "काजळी हाय, पाण्यानं निघंल," म्हणाला. रात्री धुतलं तर निघेना; वासावरून कळलं, डांबर होतं. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वरातीला घोडी नेली, तर नवरदेवाचा बाप म्हणाला, "ह्या वाघिणीवर कोण बसंल रं?" आणि त्यानं दुसऱ्याची घोडी नेली. त्याच संध्याकाळी मी घोडी तिकीटखिडकीसमोर उभी करून ओरडलो, "आत चितरातला झेब्रा, हितं जित्ता, फुकाट!" रांग मोडून माणसं माझ्याभोवती जमली. तंबूवाला हात जोडत आला, "गड्या, खेळ सुरू झालाय, ने हिला." मी म्हणालो, "पट्टं तू वढलंस, आता तूच पूस." गावासमोर तो रॉकेलचा बोळा घेऊन घोडी पुसत बसला आणि आत पडद्यावरचे सिंह रिकाम्या तंबूत डरकाळ्या फोडत राहिले. घरचे म्हणतात, एवढी जिरवलीत, आता तरी विसरा. पण शेपूट पुसायची राहिली असताना मी त्याला उठू दिलं, ते अजून सलतं.